वाइनला दाखवलेलं ऊन

दर्यापूरच्या त्या गल्लीत कुणाच्या तुरीच्या डाळीला कीड लागली, की ती बाई आधी मनकर्णाबाईंकडे यायची आणि मग डाळीचं काय करायचं ते ठरवायची. गव्हाला एरंडेल किती चोळायचं, चिंचेचे गोळे कोणत्या मडक्यात दाबायचे, कोणत्या डाळीला किती उन्हं दाखवायची, सगळं त्यांना तोंडपाठ. वर, चुकलेलीला चार शब्द ऐकवायची हौसही दांडगी. "काहून व इंदू, डाळ भरली थे दिवस ढगाचे होते न? मंग कीड नाही तं काय मोती निंघतीन तिच्यातून?" शेजारच्या इंदूबाई ओशाळं हसायच्या आणि डाळ घेऊन मुकाट गच्चीवर जायच्या.

बाई आता अडुसष्टच्या. पन्नास वर्षांपूर्वी या घरात आल्या तेव्हा सासूने त्यांच्या हाती मागची धाब्याची खोली दिली होती. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, एकच झरोका, कोपऱ्यात पाण्याचा रांजण. पुढे नवऱ्याने, वामनरावांनी, पुढचं घर पाडून स्लॅबचं बांधलं, पण मागच्या खोलीला हात लावायचा म्हटलं की बाई दारात उभ्या राहत. सिमेंटच्या खोलीत धान्य उकडतं, हे त्यांचं म्हणणं. त्या खोलीत त्यांचं सगळं राज्य होतं. लिंबाचं एक लोणचं तर त्यांच्या मुलीच्या वयाचं, काळं कुळकुळीत. गल्लीत कुणाचं पोट दुखलं की त्यातली एक फोड जायची, आणि "साल कोणतं, माहीत हाये काय?" असं म्हणूनच जायची.

ती मुलगी म्हणजे पौर्णिमा. अकोल्याला शेतीचं शिकली आणि नाशिककडे वाइनच्या कंपनीत लागली. गल्लीने त्याला सरळ दारूचा कारखाना म्हटलं. मनकर्णाबाई द्राक्षाच्या रसाची कंपनी म्हणत आणि विषय बदलत. वामनराव गेल्यावर घरात त्या एकट्या उरल्या. रोज संध्याकाळी सात वाजता लेकीचा फोन यायचा. त्यावर त्यांचा दिवस चालायचा, म्हटलं तरी चालेल.

दोन हजार बावीसच्या जानेवारीत पौर्णिमा सहा बाटल्या घेऊन घरी आली. लेबल नाही, बुचावर चकाकता कागद नाही. काचेवर पांढऱ्या रंगाने नुसतं '२०२१' लिहिलेलं.

"हे माह्या हातची हाये, आई," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. मळ्यातल्या एका तुकड्यावरची द्राक्षं तिने बारा दिवस उशिरा तोडायला लावली होती आणि रस सालांसकट जास्त दिवस मुरू दिला होता. वाइन झाली, पण जिभेला खरखरीत. मोठ्या साहेबांनी, देवऱ्यांनी, एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. पौर्णिमाचं म्हणणं, ही आज प्यायची नाहीच, तीन वर्षं ठेवली की उलगडेल. साहेब म्हणाले, ठीक, तीन वर्षांनी दाखव. बाकीचा माल दुसऱ्या पिंपात मिसळून गेला. उरल्या या सहा, त्यांना कंपनीने जागा दिली नाही. तिकडे तिची खोली पत्र्याखालची, भट्टीसारखी तापणारी.

"खरी उतरली तं दरसाल एक पिंप माह्या हवाली करतीन. नाही तं मी अशीच टाक्या धूत राहीन."

"जुनी झाली का चांगलीच होत असंन न? लोणच्यासारखी?" बाईंनी विचारलं.

"सगळी नाही होत. बहुतेक वाइन वर्षा-दोन वर्षांत पिऊनच टाका लागते, नाही तं मरते. जिच्यात आधीपासून दम असते तेच टिकते. अन् साल पाहा लागते. एका साली पाऊस अवेळी आला का द्राक्षच फिकं. थे साल ठेवून काय उपयोग? हे साल चांगलं होतं."

हे बाईंना लगेच पटलं. तुरीचंही तसंच असतं. बाटल्या आडव्या ठेवायच्या, म्हणजे बूच आतून ओलं राहतं आणि हवा शिरत नाही. उजेड नको. हलवायच्या नाहीत. थंडी कमी-जास्त झाली तर वाइन थकते, म्हणून गारवा बाराही महिने शक्यतो सारखा हवा. पौर्णिमाने खोलीत एक तापमापक टांगला होता, सगळ्यात जास्त किती तापलं ते लक्षात ठेवणारा. आठवडाभर पाहून ती म्हणाली, "आपल्या खोलीइतकी चांगली जागा मले नाशकातबी नाही भेटणार." बाईंचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

दोन उन्हाळे त्यांनी त्या बाटल्या तान्ह्या लेकरासारख्या सांभाळल्या. रांजणाजवळ कडब्यावर आडव्या ठेवल्या आणि वरून ओलं पोतं टाकलं. पोत्याची युक्ती त्यांची स्वतःची. पौर्णिमाने फोनवर तिचं कौतुक केलं, तेव्हा ते गल्लीभर ऐकवून झालं.

तिसऱ्या वर्षी वैशाखात पोतं उचललं, तर बुचांवर बुरशी. हिरवट, लव आल्यासारखी. आता, पन्नास वर्षं साठवण करणाऱ्या वऱ्हाडातल्या बाईला झाकणावर बुरशी दिसल्यावर काय सुचणार? लेकीला फोन करावा, हे एकदा मनात आलंही. पण कुणी दुसऱ्याने साठवणीचं सांगावं आणि आपण ऐकावं, ही सवयच नव्हती त्यांना. दुसऱ्या दिवशी हरभऱ्याची डाळ, मिरच्या, लोणच्याच्या बरण्या गच्चीवर गेल्या, आणि सोबत त्या सहा बाटल्याही. दोन उन्हं दाखवली. इंदूबाई शेजारच्या गच्चीवर कुरड्या उलटत होत्या. त्यांनी विचारलंसुद्धा, "काकू, याईलेबी ऊन पायजे काय?" बाई म्हणाल्या, "साठवणीच्या वस्तूले ऊन लागतेच."

दुसऱ्या संध्याकाळी बाटलीला हात लावला तर चटका बसला. दोन बुचं बोटाच्या पेराएवढी वर आली होती आणि काचेवरून लाल चिकट ओघळ उतरला होता. बाईंनी अंगठ्याने बुचं दाबून बसवली, बाटल्या पुसल्या आणि पुन्हा कडब्यावर ठेवल्या.

सात वाजता फोन आला. त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाटल्या तापल्या तं काय होते व?"

"शिजते. जॅमसारखी होते. एक दिवस उन्हात राहिली तरी खलास. काहून?"

"काही नाही. उन्हाळा लय हाये म्हणून म्हटलं."

त्या रात्री बाईंना काही केल्या जेवण गेलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत आठवडा गेला. आणि मग पौर्णिमाच म्हणाली, "पोळ्याले येते, आई, तवा उघडू. नाही जमली तं मी ठरवलंच हाये. अमरावतीले माती तपासायची लॅब हाये, थे लोक बोलावून राहिले. घरून येणं-जाणं करता येईन."

घरून! न सांगायला आधी एक कारण होतं, त्याला आता दुसरं जोडलं गेलं. चूक कबूल करायची लाज होतीच. पण आपण गप्प राहिलो तर पोर घरी येते, हा हिशेब त्यांच्या मनात एकदा शिरला तो निघेना. स्वतःची त्यांना किळस आली, आणि तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढच्या खोलीतलं कपाट पोरीसाठी रिकामं करायला घेतलं.

पोळ्याच्या दिवशी बैलांची मिरवणूक होऊन गेल्यावर पौर्णिमाने बाटल्या स्वयंपाकघरात आणल्या. खोलीतला तापमापक तिने आधीच पाहून घेतला होता. एकोणतीसच्या वर आकडा गेला नव्हता. बूच काढायचा स्क्रू फिरवताना ती लहानपणी निकालाच्या दिवशी असायची तशी दिसत होती. स्टीलच्या पेल्यात थोडी ओतली, वास घेतला, घोट घेतला. दुसरी बाटली उघडली. मग तिसरी. चौथीला तिने हात लावला नाही.

"काकवीचा वास येऊन राहिला," ती म्हणाली. "शिजवलेल्या फळासारखी लागते. खोली तं तापली नाही. म्हंजे द्राक्षच जास्त पिकलं होतं. बारा दिवस लय झाले. साहेब खरं बोलत होते, आई. माह्यंच चुकलं."

तेवढ्यात इंदूबाई पुरणपोळीचं ताट घेऊन आत आल्या. ओट्यावरच्या बाटल्या त्यांनी पाहिल्या, पोरीचं तोंड पाहिलं आणि मनकर्णाबाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळ्यांनीच गप्प राहा म्हटलं. इंदूबाई बिचाऱ्या गप्प राहिल्या.

"उद्या अमरावतीले हो म्हणून सांगते," पौर्णिमा पेला विसळत म्हणाली. "सहा वर्षं झाले तठी. जे आपल्याले समजते असं वाटलं, थेच समजत नव्हतं."

मनकर्णाबाईंना हवं होतं ते सगळं झालं होतं. आता फक्त "बरं" म्हणायचं होतं. पण पोरीची पाठ त्यांच्याकडे होती आणि ती तोच एक पेला पुन्हा पुन्हा विसळत होती.

"तुह्यं नाही चुकलं," त्या म्हणाल्या. "म्या ऊन दाखवलं त्याईले."

पौर्णिमा वळली.

"बुरशी आली होती बुचाले. गच्चीवर ठेवल्या, दोन दिवस. वैशाखात. बुचं वर आली तं दाबून बसवली अन् पुसून ठेवल्या. इंदूले विचार, तिनं पाहिलं."

इंदूबाईंनी मान हलवली आणि ताट ठेवून त्या हळूच निघून गेल्या. उद्या गल्लीला कळणार होतं, हे बाईंना ठाऊक होतं.

"बुरशी नुसती वरची असते, आई! पुसून टाकली असती फडक्यानं!" पौर्णिमाचा आवाज चढला. "एक फोन करायचा होता. थे साल आता कुठून आणू मी? त्या सालचं द्राक्ष परत येते काय?" ती तरातरा गच्चीवर गेली. बाईंनी वर जायचं धाडस केलं नाही. त्या चुलीसमोर बसल्या आणि पोळी करपली तरी त्यांना कळलं नाही.

अर्ध्या तासाने ती खाली आली, डोळे लाल, कानाला फोन. "...हो सर, तीन उघडल्या. नाही टिकली. नाही, ठेवण्यातच काहीतरी..." पुढे ती अडखळली. आईचं नाव घेणं तिला जड जात होतं.

मनकर्णाबाईंनी हात पुढे करून फोन घेतला. आयुष्यात साठवणीत चुकले असं कुणाला सांगितलं नव्हतं त्या बाईने, आणि आता परक्या माणसाला सांगायचं होतं.

"साहेब, मी पौर्णिमाची आई. वाइन म्या खराब केली. दोन दिवस उन्हात ठेवली."

"कुठे?"

"गच्चीवर. सकाळी आठपासून दिवस बुडेपर्यंत."

"दर्यापूरला? मे महिन्यात?" साहेबांनी विचारलं. "बाई, मग या बाटल्यांवरून मला काहीच म्हणता येणार नाही. ती बरोबर होती की चूक, ते आता कुणालाच कळायचं नाही."

"म्हणूनच सांगून राहिले. तिले चूक म्हणू नका."

"नाही म्हणत. पण पुन्हा करायची तर तिला येत्या तोडणीपासून सुरुवात करावी लागेल. परत तीन वर्षं. एक पिंप देतो. विचारा तिला, थांबेल का."

फोनचा आवाज मोठा होता, पौर्णिमाने सगळं ऐकलं होतं. तिने फोन घेतला. मग म्हणाली, "थांबते, सर."

तेवढं ऐकून बाईंना बरं वाटलं, आणि रडूही आलं. पुढच्या पोळ्यालाही ही पाहुणी म्हणूनच येणार होती, दोन दिवसांची.

मागच्या दाराच्या पायरीवर दोघी बसल्या. पौर्णिमाचा राग पुरता उतरला नव्हता, पण ती करपलेली पोळी कुरतडत होती.

"सांगितलं नसतं तं मी आलीच होती परत," ती म्हणाली.

"माहीत हाये मले," मनकर्णाबाई म्हणाल्या. "म्हणूनच तीन महिने बोलली नाही."