नानांचं कोरडं मटण

"आटू दे, भाऊ, आटू दे." एका हाताने कढईत उलथणं फिरवत आणि दुसऱ्या हाताने बघ्यांना मागे सारत नाना हे म्हणायचे.

बाहेरचं जग बघून आलेली आणि गावात त्याचं काय करावं हे न कळलेली माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. आमचे शेजारी नाना त्यातलेच. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. सुमात्राच्या एका सोबत्याने त्यांना नारळाच्या दुधात मटण आटवायला शिकवलं होतं. त्याला तिकडे रेंदांग म्हणतात. नरडाण्याजवळच्या आमच्या गावात ते 'जहाजनं मटन' होतं, आणि ते कुणी चाखलेलं नव्हतं.

आमच्याकडे पंगतीचं मटण म्हणजे रस्सा. काळा मसाला, वर तवंग, आणि पाहुणे वाढले की आणखी पाणी. तो करायचा मान आबांचा, गावच्या पंगतींचे ते जुने आचारी. नानांना कायम भाताच्या चुलीवर बसवत.

मी बी.ए. झालो, घराण्यात पहिलाच. धुळ्याला शिकत होतो तेव्हा माझा भाकरीचा डबा सकाळच्या एसटीत नाना ठेवून देत. गाडी कधी चुकली नाही. म्हणून वडिलांनी पंगत ठरवली तेव्हा मी म्हणालो, "मटण नाना करतील." वडिलांनी आबांकडे पाहिलं आणि होकाराची मान डोलावली.

"बिघडलं ते आते भातनी चूल बी जाई," नाना मला म्हणाले, आणि त्यांनी डोक्याला टॉवेल बांधला.

सकाळी मळ्यात चूल पेटली. बायकांनी नारळ खोवून धोतराच्या फडक्यातून दूध पिळून दिलं. नानांनी आमच्या परसातला गवती चहा ठेचून कढईत टाकला.

"नाना, मटनमा चहा टाकी राह्यना का?" बघ्यांतल्या एकाने विचारलं.

"दूध ते टाकेल शे. साखर तू लई ये."

दुपार झाली. दूध आटलं, तेल सुटलं, रंग काळपट होऊ लागला. नाना लाकडं आणायला बांधावर गेले. तेवढ्यात आबांनी कढईत डोकावलं. "बठ्ठा रस्सा आटी गया. जळी जाई," म्हणत त्यांनी सवयीने कळशीभर पाणी ओतलं.

नाना परतले. कढईत फिकट पातळ रस्सा डुचमळत होता. पंगत बसायच्या बेतात होती. नानांनी आबांकडे पाहिलं, जाळ वाढवला, आणि उलथणं उचललं.

"आटू दे, भाऊ, आटू दे."

पानं मांडून माणसं ताटकळली. कुणी घरी जायची भाषा केली, पण वास सुटला होता, उठलं कुणी नाही.

अखेर वाढलं तेव्हा पानात रस्सा नव्हता. काळसर मसाल्यात माखलेले तुकडे होते, बोटाने सुटणारे. पहिला घास आबांनी घेतला. सगळी पंगत त्यांच्या तोंडाकडे बघत होती. ते सावकाश चावत राहिले, मग पान पुढे सरकवलं.

"आखो वाढ."

आबा आणखी मागतात म्हटल्यावर मळ्यात एकच हशा पिकला. नाना वाढता वाढता म्हणाले, "बोकड जून व्हता, आबा. तुमनं पाणी कामे उनं, मऊ शिजनं."

त्यानंतर भाताच्या चुलीवर नाना कधी दिसले नाहीत. आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणी येत. आबा सोबत जात, लाकडं सांभाळत.

आता दोघंही नाहीत. पण आमच्या मळ्यात मोठी कढई चढली, की अजूनही कुणीतरी न सांगता उठतं, पाण्याची कळशी उचलतं आणि दूर बांधावर नेऊन ठेवतं.