श्यामलामावशीची रेकॉर्ड

श्यामलामावशीला कुणी नुसती 'कोरसवाली' म्हटलं की माझं डोकं फिरतं. नागपुरात लहानपणी ती वडिलांच्या भीमगीतांच्या पार्टीत झील धरायची, म्हणजे गायकाची ओळ मागून उचलून धरायची. नर्स होऊन बर्मिंगहॅमला आली, तेव्हा वॉर्डात जमैकाच्या व्हेरोना आणि ईनिड भेटल्या. त्या चर्चमध्ये गायच्या. सत्तरच्या दशकात तिघींनी मिळून रेगेच्या, म्हणजे जमैकाच्या संगीताच्या, दोन-चार रेकॉर्डी काढल्या. गुलामी, उपासमार, मायदेशी परतायची ओढ, असली गाणी. मावशी म्हणायची, बाबासाहेबांच्या माणसाला यात परकं काय आहे? रेगेतले पुरुष गायक पोस्टरवर झळकले. या तिघी ड्यूटीवर गेल्या.

२००५ साली शहरातल्या एका हॉलमध्ये 'विसरलेले आवाज' नावाचा कार्यक्रम ठरला. नाव तरी बघा! आयोजकांकडे साधी रेकॉर्डसुद्धा नव्हती, मावशीने स्वतःची दिली. ईनिड तोवर वारली होती. व्हेरोना केअर होममध्ये होती, आणि मरायच्या आधी एकदा तरी भरल्या हॉलमध्ये आपलं गाणं ऐकायचं एवढंच तिच्या मनात होतं. मी दोघींना गाडीतून नेलं. व्हेरोना नवी हॅट घालून पहिल्या रांगेत बसली.

निवेदकाने रेकॉर्ड लावली, तीही मागची बाजू. रेगेच्या रेकॉर्डीवर मागच्या बाजूला बहुतेकदा तेच गाणं असतं, पण गाणाऱ्यांचे आवाज काढून टाकलेलं. नुसता बास आणि ड्रम घुमतो. लोक माना डोलवू लागले. निवेदक रेकॉर्डिंग करणाऱ्या इंजिनियरचं कौतुक करत सुटला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

व्हेरोना मावशीकडे वाकली. "श्यामला, मला आपण ऐकूच येत नाही. माझे कान गेले का?"

"तुझे कान ठणठणीत आहेत," मावशी म्हणाली. "यांनी आपल्याला काढून टाकलंय."

ती उठली, थेट स्टेजवर गेली आणि सुई उचलली. निवेदक हसत समजावू लागला, की आंटी, लोकांना हीच साइड लागते, दुसरी कुणी ऐकत नाही. मावशीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रेकॉर्ड उलटून लावली आणि कमरेवर हात ठेवून प्लेअरसमोर उभी राहिली.

निम्मे लोक बारकडे गेले. गेले तर गेले, मेले! व्हेरोना बारीक आवाजात आपली ओळ गाऊ लागली. ईनिडचा आवाज आला तशी ती थांबली आणि रडायला लागली. गाणं संपेपर्यंत मावशीने त्या प्लेअरला कुणाला हात लावू दिला नाही.