दोन बरण्यांतल्या गाद्या

तिसऱ्या वेळीही वैशालीचे आकडे माझ्या आकड्यांशी जुळले नाहीत. विभागप्रमुख तिवारी सरांनी तिचा कागद टेबलावर ठेवला, त्यावर भेडाघाटचा संगमरवरी पेपरवेट ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "बेटा, आँख बनाओ. पंद्रह दिन और देता हूँ. नहीं तो ग्रेडिंग कोई और करेगा."

ग्रेडिंग दुसऱ्याकडे गेली असती तर तिची पीएच.डी. गेली असती. सगळा प्रबंध त्याच ग्रेडिंगवर उभा होता. मी तिच्या शेजारच्याच खुर्चीवर बसलो होतो. आकडे का जुळत नाहीत हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी चहा पीत राहिलो.

मी जबलपूरच्या एका लॅबमध्ये प्राण्यांचा पॅथॉलॉजिस्ट आहे. काम थोडक्यात सांगतो. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. ती झिजली की माणसाची कंबर धरते. त्यावरचं औषध आधी पांढऱ्या उंदरांवर तपासतात. शेपटीतल्या गादीला बारीक सुई टोचली की ती झिजायला लागते. मग काही उंदरांना औषध देतात, काहींना देत नाहीत. शेवटी त्या गादीचा अगदी पातळ काप काचेवर घेऊन, रंगवून, मायक्रोस्कोपखाली बघतात आणि झिजेला शून्य ते दोन असे मार्क देतात. मधल्या गराला वेगळे, भोवतीच्या कड्यांना वेगळे, हाडाला लागलेल्या काठाला वेगळे.

अडचण अशी की एकाच स्लाइडला तीन जण तीन वेगळे मार्क देतात. म्हणून आम्ही एक पक्की पद्धत बसवत होतो. कोणीही बघो, आकडा तोच यावा. त्यासाठी माझ्या आठ वर्षांपूर्वीच्या प्रयोगाच्या स्लाइड्स आणि माझे तेव्हाचे मार्क प्रमाण मानले होते. माझ्याशी जुळला तो बरोबर, नाही जुळला तो कच्चा.

वैशाली मूळची यवतमाळकडची, पण जन्म इथलाच. वडील फॅक्टरीतून रिटायर झालेले. लॅबमध्ये सगळ्यांशी हिंदी, माझ्याशी मात्र मराठी. मीटिंग झाल्यावर ती माझ्या खोलीत आली.

"सर, मला दोन्ही गटांत फरकच दिसून नाही राहिला. तुम्ही औषधवाल्यांना शून्य दिलं, बाकीच्यांना दोन. मला तर दोघंही एकसारखे झिजलेले दिसतात."

"रंग बघ," मी म्हणालो. "औषधवाल्यांत गर कसा लाल भडक आहे. लाल म्हणजे निरोगी."

"रंग बघितला, सर. पण पेशींचा आकार तर दोन्हीकडे सारखाच बिघडला ना. कडीसुद्धा तशीच तुटलेली. मग मी आकाराला मार्क देऊ की रंगाला?"

"सध्या माझ्या मार्कांप्रमाणे सराव कर."

"म्हणजे जे दिसून राहिलं ते नाही लिहायचं?"

मी माझा जुना मार्कांचा कागद तिच्यापुढे सरकवला. ती "चलो, ठीक आहे" म्हणाली आणि गेली. पुढचे आठ दिवस ती सकाळी माझ्या आधी येऊन डोळे बिघडवण्याचा सराव करत होती. मी तो बघत होतो.

आता ते आठ वर्षांपूर्वीचं.

गादीच्या दोन्ही बाजूंना हाड असतं. हाड कडक, त्याचा काप निघत नाही. म्हणून नमुना आधी द्रावात ठेवून मऊ करावा लागतो. एक द्राव सौम्य असतो, त्याला आठवडे लागतात. दुसरा तेज ॲसिडचा, तीन-चार दिवसांत काम उरकतो. पण तेज ॲसिड गरातलं ते द्रव्य खराब करतं ज्याला लाल रंग धरतो. गादी तशीच राहते, रंग फिका येतो.

औषधवाल्या उंदरांचे नमुने मी सौम्य द्रावात ठेवले. दुसऱ्या गटाला उशीर झाला होता आणि पुढच्या आठवड्यात निकाल दाखवायचे होते. आमचे टेक्निशियन यादव भैया म्हणाले, "डॉक्टर साहब, दोनों को एक जैसा रखो, बाद में गड़बड़ होगी." मी म्हणालो, ॲसिडमध्ये टाका, मी बघून घेतो.

लेबलवर पांढरी पट्टी लावून मी ग्रेडिंग केलं. म्हणजे कोणता गट हे मला कळू नये म्हणून. पण बरण्या मीच भरल्या होत्या. फिकी स्लाइड आली की कुठल्या बरणीतली ते मला माहीत असायचं, आणि हात आपोआप दोन लिहायचा. औषध उत्तम ठरलं. पेपर छापून आला. बढतीही झाली. त्या औषधाचा नवा प्रयोग यंदा त्याच निकालावर मंजूर झाला होता, आणि त्यासाठीचे उंदीर मागच्या खोलीत पिंजऱ्यांत होते.

द्रावांचा उल्लेख मी पेपरात केला नाही. तेव्हा वाटलं, किरकोळ बाब आहे. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की पुढे पुढे सांगताना लाज वाटेनाशी झाली.

नवव्या दिवशी वैशालीने नवा कागद आणून दिला. सगळे आकडे माझ्याशी जुळत होते.

"अच्छा झालं ना, सर?" ती म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं.

मी कागद घेतला आणि तिला घेऊनच तिवारी सरांकडे गेलो. बरण्यांची गोष्ट सांगितली. पाच मिनिटंही लागली नाहीत. आठ वर्षं मला वाटत होतं की तासभर लागेल.

सरांनी पेपरवेट दोनदा फिरवला. "यादव को पता था?"

"त्यांनी मला अडवलं होतं, सर."

"और ये लड़की?"

"हिचे पहिले आकडे बरोबर होते. आजचे चूक आहेत. आजचे मी करून घेतले."

वैशाली माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, त्या दिवशीच काहून नाही सांगितलं? मला तर वाटून राहिलं होतं की माझे डोळेच गेले."

मी तिचा आजचा कागद सरांच्या टेबलावर ठेवला.

पुढचं सरळ आहे. पेपर मी मागे घेतला. मला प्रकल्पातून काढलं, चौकशी झाली, बढती राहिली पण पुढची थांबली. नवा प्रयोग सुरू होण्याआधीच रद्द झाला. पद्धत वैशालीने बसवली. तिच्या फॉर्मवर मार्कांच्या आधी एक रकाना आहे: कोणता द्राव, किती दिवस. तो भरल्याशिवाय स्लाइड मायक्रोस्कोपखाली जात नाही. तिची पीएच.डी. झाली.

मी आता तिच्याकडे दुसरा ग्रेडर म्हणून स्लाइड्स बघतो. कोणती स्लाइड कोणत्या गटाची ते मला सांगत नाहीत. मागच्या आठवड्यात घाईत माझ्याकडून तो रकाना कोरा राहिला. तिने फॉर्म परत पाठवला. सोबत चिठ्ठी नव्हती, फक्त त्या रकान्याभोवती पेन्सिलने गोल केला होता. मी उठून यादव भैयांना विचारलं, लिहिलं, आणि फॉर्म पुन्हा तिच्या टेबलावर ठेवला.