नावासाठी सोडलेली जागा

माणसाला कुठलीही गोष्ट एकदा विचारून भागत नाही, आधी एकदा आणि नंतर एकदा अशी दोनदाच विचारावी लागते, असं मानणारी बाई अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच होती, आणि ती नेमकी माझी नणंद होती. मला बघायला आले तेव्हा बाकीचे सगळे पोहे खात होते आणि वन्सं मांडीवर कागद घेऊन मला पाच प्रश्न विचारत होत्या. त्यांच्या घरात माणसं किती, मुलगा काय काम करतो, त्याला राग कशाचा येतो, असे. मला एकाचंही उत्तर धड येईना. वन्संनी मान डोलावली आणि "छान" म्हणाल्या. नापास झाल्यावर छान कसं, हे मला लग्नाला वर्ष होईपर्यंत कळलं नाही. मग एका सकाळी मी पोळ्या लाटत असताना त्या तोच कागद घेऊन आल्या, तेच प्रश्न विचारले, आणि उत्तरं ऐकून ह्यांना म्हणाल्या, "सुधारणा चांगली आहे. फक्त ती लग्नामुळे झाली की नुसत्या काळामुळे, ते सांगता येत नाही. तुलनेला दुसरी बायको नाही ना."

वन्सं नर्सिंगच्या मुलींना शिकवायच्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. हे नोटांच्या सरकारी प्रेसमध्ये, त्यामुळे नाशिक रोडला आम्हाला क्वार्टर होतं, आणि त्याच्या मागच्या खोलीत वन्सं, त्यांचा टेपरेकॉर्डर आणि त्यांचं संशोधन असे तिघं राहायचे. मी घरात आले तेव्हा नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. संशोधनाचा प्रश्न एका ओळीचा होता. साथ आली की लोक घाबरतात, आणि घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात काही शिरत नाही. अशा वेळी त्याला जिवंत नर्सने सांगितलेलं जास्त लक्षात राहतं की यंत्राने सांगितलेलं? नर्सा थोड्या आणि पाडे फार. यंत्र जिंकलं तर एक कॅसेट शंभर ठिकाणी जाईल, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मार्गदर्शक बाई दर वर्षी विचारायच्या, काय निघालं? वन्सं सांगायच्या, अजून नमुना कमी आहे.

हा नमुना वाढवण्याच्या कामी आमचं घर कायमचं जुंपलेलं असे. माझ्या थोरलीला हात धुवायला टेपने शिकवलं आणि धाकटीला तोंडी. धाकटी रडायला लागली, तिलाही टेप हवी होती. वन्संनी तिला जवळ घेऊन समजावलं की बाळ, तू तुलना गट आहेस, तुझ्याशिवाय ताईला काही अर्थ नाही. हे वाक्य धाकटीने इतकं मनावर घेतलं की कॉलेजात जाईपर्यंत ती थोरलीला ते ऐकवत होती. पाहुण्यांनाही सुटका नव्हती. सत्यनारायणाला आलेल्या निम्म्या बायकांना वन्सं पाण्याचं पिंप झाकून ठेवण्याबद्दल स्वतः सांगायच्या आणि उरलेल्या निम्म्यांना आतल्या खोलीत नेऊन टेप ऐकवायच्या. प्रसाद मग मिळायचा. एक मावशी दोन्हीकडे जाऊन आल्या तर त्यांना वन्संनी "नमुना बिघडला" असं तोंडावर सांगितलं. त्या मावशी पुढच्या वर्षी आल्या नाहीत.

"समजलं का?" हे दोन शब्द आमच्या घरात उच्चारायची बंदी होती. ह्यांनी एकदा नळ दुरुस्त करणाऱ्याला तसं विचारलं तर वन्सं आतून धावत आल्या. म्हणाल्या, "समजलं का विचारलं की माणूस हो म्हणतो. तो तुझा मान राखतो रे, त्याला कळलेलं नसतं. त्याला म्हण, मी काय सांगितलं ते मला सांग." नळवाला म्हणाला, "साहेब म्हणले वायसर बदल, आन् ताई म्हणती बोल." वन्संनी त्याला पूर्ण गुण दिले.

आता मी मुळातच अपराधी स्वभावाची. शेजारच्यांचं दूध नासलं तरी मला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं असेल. त्यात वन्संच्या रेकॉर्डिंगच्या वेळी घरात श्वाससुद्धा जपून घ्यावा लागे. खिडकीला गोधडी, पंखा बंद, मुली शेजारी. एका पावसाळ्यात पेठ तालुक्याच्या बाजूला गॅस्ट्रोची साथ होती आणि वन्सं पाणी उकळण्याची कॅसेट करत होत्या. मी वरण लावलेलं विसरले. त्यांचं "पाणी चांगलं खळखळून उकळू द्या" म्हणून झालं आणि माझ्या कुकरने दणदणीत शिट्टी दिली. परत करायला वेळ नव्हता. सकाळच्या एसटीने आम्ही दोघी निघालो, टेपरेकॉर्डर टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर. पाड्यावर बायका जमल्या, कॅसेट ऐकली, माना हलवल्या. काही दिवसांनी नंतरचे प्रश्न विचारायला गेलो तर एक बाई जरा रुसूनच बसली होती. म्हणाली, "बाई, पानी त लय उकळला. सरपान सरला. पन आमचा हंडा काय शिट्टी मारत नाय."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वन्सं मात्र उतारूंनी भरलेल्या जीपमध्ये परतीच्या वाटेवर स्वतःशीच हसत होत्या. म्हणाल्या, "वहिनी, तू केवढं काम केलंस बघ. यंत्राला काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते कळत नाही. ते सगळंच ठेवतं." त्या वयाने मोठ्या, पण मला वहिनीच म्हणायच्या.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती, आता पन्नाशी उलटल्यावर सांगायला हरकत नाही. सुरुवातीची काही वर्षं मला वन्सं आवडायच्या नाहीत. टेपमधल्या वन्सं मात्र आवडायच्या. दुपारी हे ड्यूटीवर, मुली शाळेत, वन्सं कॉलेजात. मागच्या खोलीच्या जाळीतून उन्हाची एक पट्टी फरशीवर यायची आणि हळूहळू भिंतीकडे सरकायची. मी तिथे आडवी व्हायची आणि कॅसेट लावायची. "पाणी उकळा. गार होऊ द्या. झाकून ठेवा." त्यांचा आवाज भरदार होता, खालच्या पट्टीतला, आणि दोन वाक्यांच्या मध्ये त्या एवढं थांबायच्या की त्या थांबण्यात आपण जाऊन बसावं. जुलाब थांबवण्याची माहिती ऐकत मी कितीदा तरी झोपून गेले असेन. माझ्याशी आयुष्यात कुणीच इतकं सावकाश बोललं नव्हतं. त्या झोपेत मला पाणी दिसायचं, झाकलेलं, स्वच्छ, आणि कुठल्यातरी डोंगरावर बसलेल्या अनोळखी बायका, आणि त्यांच्यात मी.

म्हणून आवाज बसायला लागला तेव्हा तो आधी मला कळला. वन्सं म्हणायच्या, खडूची धूळ आहे. गरम पाणी, हळद, ज्येष्ठमध झालं. शेवटी मी मागे लागून त्यांना शहरात गळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर चांगले होते पण बाहेर रांग लांब होती. त्यांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं, गाठ कुठे आहे, शेजारून आवाजाची नस कशी जाते, ऑपरेशन करताना काय होऊ शकतं, हे सगळं भराभर सांगितलं आणि पेनाचं टोपण लावत विचारलं, "समजलं ना?"

वन्सं म्हणाल्या, "हो."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या समोरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, तर मीही हो म्हणाले. आम्ही उठून बाहेर आलो, रस्ता ओलांडला, उसाच्या रसाच्या गाडीपाशी बाकावर बसलो. चरकाची घुंगरं वाजत होती. वन्संनी अर्धा ग्लास संपवला आणि हळूच विचारलं, "वहिनी, आत काय म्हणाले गं ते?"

मी म्हटलं, "मी तुम्हालाच विचारणार होते."

आणि आम्ही दोघी हसायला लागलो. रसवाला बघायला लागला इतक्या. हसता हसता वन्संनी पदराने डोळे पुसले, ते बराच वेळ पुसतच राहिल्या. मग ग्लास ठेवला आणि म्हणाल्या, "चल परत."

कंपाउंडर अडवत होता, तरी आम्ही आत गेलो. वन्सं उभ्या उभ्याच म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही काय सांगितलंत ते मी सांगते, चुकलं तर दुरुस्त करा. गाठ काढावी लागेल. काढली की मी जगेन. आवाज जाईल." डॉक्टरांनी हातातला दुसऱ्याचा रिपोर्ट खाली ठेवला. या खेपेला ते सावकाश बोलले. कदाचित जाईल, म्हणाले. जाईलच असं नाही, पण पूर्वीसारखा राहील असं मी म्हणणार नाही. वन्संनी विचारलं, मग त्याआधी मला किती दिवस देता? ते म्हणाले, फार नाही.

त्या दिवसांत आमच्या घरात जे चाललं त्याला संशोधन म्हणावं की काय म्हणावं, मला सांगता येणार नाही. कॉलेजातून सुट्टी घेऊन वन्सं दिवसभर गोधडीमागे बसायच्या आणि मी बटण दाबायची. गोवर, हिवताप, साप चावला तर, बाळ अंगावर पीत नसेल तर. त्याआधी थोडी वर्षं सुरतेत प्लेगची साथ आली होती तेव्हा तिथे कामाला गेलेली पेठ-सुरगाण्याची माणसं घाबरून परत आली आणि गावातले लोक त्यांना दारात उभं करीनात. त्याची एक वेगळीच कॅसेट केली, परत आलेल्या माणसाशी कसं बोलावं याची. बोलून बोलून आवाज दुपारपर्यंत फाटायचा. मग आम्ही दोघी उन्हाच्या पट्टीपाशी बसायचो.

शेवटची कॅसेट त्यांनी अजून न आलेल्या साथीची केली. म्हणाल्या, पुढे कुठला आजार येईल ते मला माहीत नाही, पण घाबरलेल्या माणसाला काय ऐकावंसं वाटतं ते माहीत आहे. सुरुवात अशी होती: "नमस्कार. आपल्या भागात सध्या." मग वन्संनी मला चालूच ठेव अशी खूण केली, मनातल्या मनात कुठलंतरी नाव घेतलं, ओठ हललेले मी पाहिले, आणि पुढे म्हणाल्या, "ही साथ आली आहे. घाबरू नका." मध्ये नावासाठी रिकामी जागा. ज्या वर्षी जी साथ येईल तिचं नाव तिथे कुणीही बोलावं.

ऑपरेशनच्या सकाळी बाहेरच्या बाकावर बसून मी देवाला म्हटलं, आवाज न्यायचा तर ने, बाई राहू दे. म्हटलं आणि लगेच जीभ चावली. त्यांचा आवाज देऊन टाकणारी मी कोण? देवाने नेमकं तेच ऐकलं. वन्सं बऱ्या झाल्या, आवाज गेला. उरली ती एक कुजबुज, कोरड्या पानांवरून कुणी चालावं तशी. हा सौदा आपण परस्पर केला, असं मला कितीतरी वर्षं वाटत राहिलं. मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांची तक्रार तर काहीच नव्हती. हाक मारायची तर त्या ताटावर चमचा वाजवायच्या. ह्यांच्यासाठी दोनदा, माझ्यासाठी एकदा. वर्गात म्हणे आता मुली पुढे सरकून बसतात आणि कुणी झोपत नाही. हा मुद्दा त्यांनी प्रबंधात घालायचाही ठरवला होता, पण नमुना एकच होता.

मग ते चिकुनगुनियाचं वर्ष आलं. दोन हजार सालाच्या बऱ्याच पुढचं. मुली मोठ्या झाल्या होत्या. अख्खी कॉलनी भिंती धरून चालायला लागली. हे जिना उलटे उतरायचे. माझी बोटं पोळपाटावर वळेनात, आणि वन्संचे गुडघे असे धरले की त्या खाटेवरून उठताना डोळे मिटून घ्यायच्या. अफवाही तशाच, कुणी म्हणे कोंबडीने होतं, कुणी म्हणे जन्मभर राहतं. गणपती मंडळाच्या हॉलमध्ये लोक जमणार असं कळल्यावर वन्संनी ती कॅसेट काढली. मी म्हटलं, नाव आपली थोरली बोलेल, तिचा आवाज छान आहे. वन्संनी मान हलवली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. ऑपरेशननंतर त्यांनी माईक हातात धरलेला नव्हता.

हॉल भरला होता. जो तो आपापला गुडघा धरून बसलेला. टेबलामागे वन्संच्या शेजारी बसून मी बटण दाबलं आणि इतक्या वर्षांनी तो आवाज आला, भरदार, खालच्या पट्टीतला. जुनी माणसं एकदम सरळ बसली. "नमस्कार. आपल्या भागात सध्या."

वन्संनी माईक ओठांना लावला. ती कोरडी कुजबुज स्पीकरमधून सगळ्या हॉलभर पसरली. "चिकुन," त्या म्हणाल्या, पुढचं म्हणायला त्यांनी श्वास घेतला, आणि तेवढ्यात टेपमधल्या वन्सं म्हणाल्या, "ही साथ आली आहे. घाबरू नका."

एवढं लांब नाव त्या काळी कुणाच्या मनात असणार? लोक हसले, दुखरे सांधे सांभाळत हसले. वन्संचे खांदे हलत होते. मला वाटलं त्याही हसतायत, आणि मग वाटलं, नाही. मी टेप थांबवायला हात नेला तर त्यांनी माझं मनगट धरलं. चालू दे, असं डोळ्यांनीच म्हणाल्या. माईक त्यांनी अलगद टेबलावर ठेवला आणि एखाद्या पहिल्या वर्षाच्या मुलीसारखं ऐकू लागल्या. टेपमधली बाई सावकाश सांगत होती, मध्ये थांबत होती. पाणी पीत राहा. विश्रांती घ्या. अंगात त्राण नसेल तर तसं जवळच्या माणसाला सांगा, त्यात लाज नाही. उठताना कुणाचातरी हात धरा.

वन्संनी माझं मनगट सोडलं आणि तळहात पुढे केला. मी तो धरला. आधी त्यांनी मला उठवलं की मी त्यांना, ते मला आता सांगता येणार नाही.