लिफ्टवाल्याचं इंग्रजी

पवईच्या आमच्या ऑफिसात लिफ्ट दुरुस्त करायला आलेला तो माणूस आठवला की आजही मी अस्वस्थ होतो. पन्नाशीचा, बोलण्यात मालवणी हेल, कानामागे पेन्सिल. लिफ्टच्या दारात उकिडवा बसून तो फोनच्या स्पीकरवर कंपनीच्या जर्मन इंजिनिअरशी इंग्रजीत बोलत होता. त्याच्या प्रत्येक वाक्याला आमचं अख्खं ऑफिस खिदळत होतं. जर्मनाचं इंग्रजी तर कुणालाच कळत नव्हतं, पण त्यावर एकजण म्हणाला, "काय अ‍ॅक्सेंट आहे यार, झकास!"

फोन ठेवून त्याने ग्रीसने माखलेले हात फडक्याला पुसले. "त्याचा तो अ‍ॅक्सेंट," तो शांतपणे म्हणाला, "आणि माझा काय रोग आहे?"

दुरुस्ती झाल्यावर तो आधी एकटाच वर-खाली जाऊन आला, मग आमच्यासाठी दार धरून उभा राहिला. निर्लज्जासारखे आम्ही सगळे आत शिरलो.

हसणाऱ्यांत मीही होतो. माझे बाबा अगदी त्याच्यासारखंच इंग्रजी बोलायचे. म्हणून तर शाळेच्या पालकसभेला मी त्यांना कधी येऊ दिलं नाही.