बाईंचं वाळवण

बाईंचा पाण्याच्या दिसण्यावर काडीचा विश्वास नव्हता. काचेच्या ग्लासात पाणी धरून कुणी "बघा, कसं आरशासारखं आहे!" म्हणालं, की त्या म्हणत, "मग त्यात तोंड बघा. पाणी असं कळत नसतं." हे त्यांनी सरपंचांना ऐकवलं होतं, आमच्या साहेबांना ऐकवलं होतं, आणि मला तर आठवड्यातून दोनदा.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. अक्कलकोटच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात, शाळेच्या मागे, खारं पाणी गोडं करायचं यंत्र प्रयोगासाठी बसवलं होतं. विहिरीचं पाणी आधी वाळूतून गाळायचं, मग पंपाने दाबून नळ्यांत सोडायचं. नळ्यांना आतून पातळ पडदा. गोडं पाणी पडद्यापलीकडे झिरपायचं, खार अलीकडे राहायचा. एवढं सांगायला साहेब तासभर घेत, आणि शेवटी ऐकणाऱ्याला वाटे की यंत्राचा शोध साहेबांनीच लावला. बाई सोलापूरहून एसटीने येणाऱ्या रसायनतज्ज्ञ. नव्या पेठेत घर, खांद्याला कापडी पिशवी. मी त्यांचा सहायक, नुकताच बी. एस्सी. झालेला आणि त्यामुळे सर्वज्ञ. त्या मला नावाने हाक मारत नसत. 'पदवीधर' म्हणत, आणि तो शब्द त्यांच्या तोंडून शिवीसारखा यायचा.

पडद्यावर हळूहळू साका धरतो आणि तो चोंदतो, हे त्या यंत्राचं मूळ दुखणं. बाई म्हणत, "चोंदल्यावर रडायला कुणालाही येतं. चोंदायच्या आधी कळलं पाहिजे." त्यासाठी त्यांची एक रीत होती. रोज सकाळी नळ्यांत शिरणारं पाणी ठरलेल्या मापाने एका पांढऱ्या गाळणकागदातून सोडायचं, किती वेळ लागला ते घड्याळ लावून टिपायचं, आणि कागद दोरीवर चिमट्याने वाळत घालायचा. तपकिरी डाग म्हणजे लोखंड. कागदावर ॲसिडचा थेंब टाकून फसफसलं, तर चुना. बुळबुळीत लागलं, तर जंतू. वेळ वाढत गेला, तर पंप बंद करायचा आणि विहिरीपासून शोध घ्यायचा. शाळेच्या भिंतीलगत त्या कागदांची माळच लागली होती. गाव हसायचं. "बाईंचं वाळवण आज लई झालंय की," असं काशाक्का रोज म्हणायची.

ही काशाक्का पहाटेच हंडा घेऊन यंत्रापाशी बसे. यंत्र यायच्या आधी ती गोड्या पाण्यासाठी ओढ्यापलीकडच्या मळ्यात जायची, तेही मळेवाल्याची मर्जी असेल तर. बाई जगातल्या झाडून सगळ्यांना तुच्छ लेखत, पण काशाक्काशी त्या नीट बोलत. एकदा मी कारण विचारलं. "ती पाणी वाहते," बाई म्हणाल्या. "तुम्ही आणि साहेब नुसतं पाण्यावर बोलता."

साहेबांचा सगळ्या रोगांवर एकच इलाज होता, दाब वाढवा. पाणी कमी आलं, दाब वाढवा. बाई म्हणत, "नाक चोंदलं की कान बधिर होईपर्यंत शिंकरणाऱ्यांतले हे." आणि हे साहेबांच्या पाठीमागे नव्हे, समोर. बाईंच्या जागी दुसरं कुणी असतं तर कधीच बदली झाली असती. पण त्यांचं काम करायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

यंत्र गावात ठेवायचं की उचलायचं हे ठरवायला वरून समिती यायची होती. तिच्या आधी बाई भाचीच्या लग्नाला दहा दिवस केम गावी गेल्या. जाताना बजावलं, "कागद चुकवू नका. बाकी काही नाही केलंत तरी चालेल. त्यात तुम्ही तरबेज आहातच."

दुसऱ्याच दिवशी सरपंचांनी मला न विचारता विहिरीत अर्धं पोतं तुरटी टाकली. "पावणे येनार, पानी कसं लखलखीत दिसाय पायजे की," असं ते नंतर म्हणाले. पाणी खरंच लखलखीत दिसलं. त्या सकाळी कागदातून पाणी जायला दुप्पट वेळ लागला. पाणी स्वच्छ आणि वेळ दुप्पट! मी ठरवलं की कागदच खराब आहे. तिसऱ्या दिवशी घड्याळाकडे बघत बसायचा कंटाळा आला. चौथ्या दिवसापासून मी कपातल्या उरलेल्या चहात कागद बुडवून दोरीला लावू लागलो. रंग जुन्या डागांशी इतका छान जुळला, की मला माझं कौतुक वाटलं. वेळाचे आकडेही अंदाजाने लिहिले. विज्ञानाच्या पदवीचा त्याहून घाणेरडा उपयोग मी पुढे कधी केला नाही.

आठव्या दिवशी पाण्याची धार निम्म्यावर आली. साहेबांनी दाब वाढवला. नवव्या दिवशी आणखी वाढवला.

बाई आल्या त्या थेट दोरीपाशी गेल्या. एक कागद काढला, नाकाशी नेला. दुसरा काढला.

"चहा," त्या म्हणाल्या. "आणि आलं घातलेला."

मग त्यांनी नळी उघडायला लावली. आत राखाडी, चिकट थर बसला होता, तुरटीचा साका. आणि वाढवलेल्या दाबाने तो पडद्यावर घट्ट चेपला होता. बाईंनी नव्या पेठेतल्या दुकानांतून मिळेल तेवढं लिंबूसत्व मागवलं आणि दोन दिवस उभं राहून नळ्या धुतल्या. मी बादल्या भरत होतो. समिती आली, करंगळीएवढी धार बघितली, साहेबांचं तासभर ऐकलं आणि यंत्र उचलायचं ठरवून गेली.

"अहवालात तुमचं नाव मी लिहिलंय," बाई मला म्हणाल्या. "सरपंचांचं आणि साहेबांचंही. वरच्यांना मी सांगितलं. काशाक्काला तुम्ही सांगा. मी बसमध्ये बसते."

मी गेलो. काशाक्का दारातच होती.

"मिशन नेनार म्हंत्यात. खरं हाय व्हय?"

"हो."

"का वो? काय झालं त्येला?"

मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "बिघडलं."

"मिशनच ती. बिघडायचीच की," ती म्हणाली. "तुमी कशापायी त्वांड पाडताय? तुमी तर रोज राबत हुता. बसा, गोड्या पान्याची एक कळशी ऱ्हायलीय." आणि तिने त्यातल्या पाण्याचा चहा केला. मी तो प्यालो. सगळा प्यालो.

बसमध्ये बाई खिडकीशी होत्या. मी शेजारी बसलो.

"सांगितलंत?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि वास घेतला. "चहा दिला तिने," त्या म्हणाल्या. "म्हणजे नाही सांगितलंत."

बस सुटायला अवकाश होता. उतरून जाता आलं असतं. मी उतरलो नाही, आणि त्यांनीही पुन्हा म्हटलं नाही. सोलापूर येईपर्यंत त्या बाहेर बघत होत्या.

पुढे मी एका कारखान्यात लागलो. जिथे गेलो तिथे दोरी बांधली, कागद लावले, आणि एकही खोटा लावला नाही. बाईंवर माझा किती जीव होता, हे त्या गेल्यावर कळलं. आज हे सगळं त्यांना वाचून दाखवलं असतं, तर त्यांनी चष्मा काढला असता आणि विचारलं असतं, "मला कशाला सांगता, पदवीधर? मला त्या दिवशीच माहीत होतं."