नागव्वानं चुकवलेले अर्थ

गिरणीचा गोरा मॅनेजर देश सोडताना आमच्या शेजारच्या वीरभद्रप्पांना एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी देऊन गेला होता. वीरभद्रप्पा गिरणीत कारकून. त्या डिक्शनरीतले जे शब्द खुद्द इंग्रजांनी टाकून दिले, नेमके तेच ह्या गृहस्थाला प्यारे. संध्याकाळी त्यांची बायको नागव्वा भाकरी थापायला बसली की हे तिच्याजवळ पाट घेऊन सुरू.

“ओव्हरमॉरो म्हंजे परवा. त्यांच्यात आता ह्यो शब्द चालत न्हाय.”

“मग परवाची कामं कवा करत्यात ती?” नागव्वा विचारायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण कान तिखट होते.

एकदा ‘हेल्पमीट’ निघाला. जन्मभर साथ देणारी बाई, असा अर्थ सांगून झाला. “म्हंजे कोण?” तिनं विचारलं. म्हातारा लाजून पानं उलटत बसला. बायकोला त्यांनी कधी नावानं हाक मारली नव्हती. सगळा संसार ‘अगं’वरच झाला होता.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, बोलतं करा, नाहीतर वाचा कायमची जाईल. पण पहिलाच शब्द वाकडा आला, आणि माणूस मानी. भिंतीकडं तोंड करून जे पडले ते पडले. मोहोळला दिलेली लेक येऊन रडून गेली. मीही ‘काका, काका’ करून पाहिलं. ढिम्म. मला रागही यायचा.

मग नागव्वानं शेगडी आणि परात त्यांच्या खाटेजवळ आणली.

“ओव्हरमॉरो म्हंजे काल की,” ती पीठ मळता मळता म्हणाली.

म्हाताऱ्याची मान हलली.

“काकू, परवा ना?” मी म्हणाले. तिनं मला डोळ्यांनीच दटावलं, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चुकीचा अर्थ ह्या माणसाला जन्मात सोसला नव्हता, आणि ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मग ती रोज अर्थ चुकवायला लागली. सेनाइटचा आठवडा तिनं बेधडक वर्षावर नेला. ते तळमळायचे, ओठ हलायचे, पण शब्द काही फुटेना. तिचाही धीर सुटत चालला होता, मला दिसत होतं.

एका संध्याकाळी भाकरी तव्यावर टाकत ती म्हणाली, “हेल्पमीट म्हंजे मोलकरीण. व्हय की न्हाय?”

“न्हाय.”

आवाज घोगरा होता, पण स्पष्ट. ते कष्टानं कुशीवर वळले आणि तिच्याकडं बघत राहिले.

“नाग... नागव्वा.”

तिचे दोन्ही हात पिठानं भरलेले. डोळे पुसायलाही तिला सुचेना. भाकरी करपायला लागली, तेव्हा ती मीच उतरवली.